‘बोलेल हळूहळू’ हे निदान नव्हे

शाहूवाडी तालुक्यातील वाड्यावस्त्यांवरून मलकापूरच्या दवाखान्यात येणाऱ्या पालकांची एक तक्रार आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ‘पोरगं अडीच वर्साचं झालं, अजून बोलत न्हाई.’ पाठोपाठ आजीचा दिलासाही ठरलेला असतो. ‘ह्याचा बा पण उशिरानंच बोलाय लागला.’ काही वर्षांपूर्वी अशाच एका बालकास मी ब्राह्मीघृत देऊन सहा महिने वाट पाहिली. पुढे श्रवणचाचणी झाली, तेव्हा त्याला ऐकूच येत नसल्याचे निष्पन्न झाले. त्याचे ते सहा महिने माझ्यामुळे वाया गेले, हे मान्य केल्यावाचून या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार नाही.

वर्षाचे होऊनही पायांनी न चालणाऱ्या बालकास काश्यपसंहितेने ‘फक्क’ म्हटले, त्याचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे भेद केले आणि चिकित्सेत औषधांबरोबर त्रिचक्री फक्करथही सांगितला. विलंबाची दखल घेणे, कारण शोधणे व शरीरास सराव देणे हे आपल्याच कौमारभृत्यात आहे. चरकसंहितेने तर पक्व गुल्माची शस्त्रक्रिया धान्वंतर संप्रदायाच्या वैद्यांकडे सोपविली आहे. तेव्हा रुग्णास योग्य तज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पालकांपुढील खरा प्रश्न ‘कोणाकडे जावे?’ हा असतो. चुकीच्या दारी गेल्यास प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी बुडते व एसटीचे भाडे जाते. दोन-तीन खेपांनंतर पालक जाणेच सोडून देतात. म्हणून दिशा आपणच नेमकी दिली पाहिजे. बोलणे उशिरा असल्यास प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञ व श्रवणतज्ज्ञ. अगदी तान्ह्या बालकाचेही श्रवण ‘बेरा’ चाचणीने तपासता येते. मान न धरणे, अंग ताठ वा अतिशिथिल असणे, १८ महिन्यांपर्यंत न चालणे, असे असल्यास बालरोगतज्ज्ञ, आणि त्यांच्या सल्ल्याने बालमेंदूविकारतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट. हाकेस प्रतिसाद नसणे, नजरेस नजर न देणे, बोटाने वस्तू न दाखविणे, अशा वेळी श्रवण तपासून विकासात्मक बालरोगतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ. आलेले शब्द नाहीसे झाल्यास किंवा झटके येत असल्यास एक दिवसही थांबू नये. झटक्यांची चालू औषधे आपण परस्पर बंद करू नयेत.

यासाठी शासकीय वाटही आहे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या बालकांची तपासणी होते व विकासातील विलंब हा तिचा एक प्रमुख भाग आहे. अंगणवाड्या व शाळांत जाणाऱ्या त्याच्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकारी, म्हणजे बहुधा आपलेच पदवीधर, असतात. त्यांच्यामार्फत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे संदर्भित करण्याची योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता व अध्ययन अक्षमताही आहेत, हे पालकांस सांगणे आपले काम आहे.

माझ्या दोन सूचना आहेत. पुष्य नक्षत्रावरील सुवर्णप्राशनाच्या निमित्ताने तेच बालक दर २७ दिवसांनी आपल्यासमोर येते. त्या वेळी ऐकणे, बोलणे, चालणे व खेळणे यांविषयी चार प्रश्न विचारून उत्तरे वहीत नोंदवावीत. औषधविक्रेते बंधूंनी, न बोलणाऱ्या मुलासाठी कोणी बुद्धिवर्धक सिरप मागितल्यास, बाटली देण्यापूर्वी ‘कान तपासलेत का?’ एवढे अवश्य विचारावे.

निदानानंतर आपली औषधे तज्ज्ञांच्या उपचारांसोबत विचारपूर्वक देता येतील. परंतु पहिली चिठ्ठी आपण लिहावयाची आहे: बालकाचे वय, दिसलेली लक्षणे, कोणास भेटावे आणि कोणती चाचणी करावी. ती हाती असेल तर कोल्हापूरची खेप फुकट जाणार नाही.