आचारी, आचार्य आणि कर्नलच्या दारातला ऱ



मागच्या पावसाळ्यात आम्ही पाच-सहा जण उत्तर नागपुरातल्या एका छोट्या वाचनालयातली जुनी पत्रके स्कॅन करत होतो. सफाई कर्मचाऱ्यांच्या मोर्चाची हँडबिले, परिषदांचे वृत्तांत, दीक्षाभूमीवर एक-दोन रुपयांना विकलेल्या पुस्तिका. दोन लॅपटॉप होते, दोघे जण नावे टाइप करत होते. दोन्हींतल्या फाइली लिनक्सच्या एका डिस्कवर एकत्र केल्या आणि महिन्याभराने एका पुस्तिकेसाठी 'कर्मचाऱ्यांचा' हा शब्द शोधला, तर निम्म्याच फाइली समोर आल्या. बाकीच्या गेल्या कुठे? एकाने दुसऱ्याच्या निष्काळजीपणावर बोट ठेवले, दुसरा रागावून घरी गेला. चळवळीत भांडायला एवढे कारण पुरते, हे तुम्हाला सांगायला नको.

फाइली सगळ्या जागेवरच होत्या. इंजिनिअरिंगला असलेल्या आमच्यातल्या एका पोराने दोन दिवस डोके घालून ते दाखवून दिले. मराठीतला हा अर्धा 'ऱ' संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असते, मग हलंत. दुसऱ्यात साधा 'र', मग हलंत, मग डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण लिनक्सची फाइल सिस्टीम अक्षरे ओळखतच नाही, ती बाइट मोजते. नावात तिरपी रेघ नको आणि शून्य बाइट नको, एवढीच तिची अट. बाकी तुम्ही काय लिहिले याच्याशी तिला देणेघेणे नाही. म्हणून दिसायला एकच असलेली दोन नावे तिच्या लेखी दोन वेगळ्या फाइली.

इथपर्यंत मी तिला दोष देणार नाही. अर्थात ढवळाढवळ न करणे हेही एक धोरण आहे आणि बरेचदा तेच शहाणपणाचे असते.

लांबीचा मुद्दाही इथेच सांगून टाकतो. एक्सटी४ या लिनक्सवर सर्रास चालणाऱ्या फाइल सिस्टीममध्ये नावाची लांबी एका बाइटात नोंदवलेली असते, म्हणून नाव २५५ बाइटांपलीकडे जाऊ शकत नाही. इंग्रजीचे अक्षर एक बाइट खाते. देवनागरीचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा तीन बाइट खाते. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' एवढे लिहायला ५७ बाइट लागतात, तेच रोमन लिपीत २२. म्हणजे इंग्रजीला २५५ आणि आपल्याला ८५. पत्रकाचे पूर्ण शीर्षक, ठिकाण आणि तारीख नावात घालायची सवय असलेल्या माणसाच्या फाइली विंडोजवरून लिनक्सवर उतरताना 'नाव फार लांब' म्हणून अडतात त्या यामुळे.

खरी गंमत पुढे आहे. जुलै २०१९ मध्ये आलेल्या लिनक्स ५.२ मध्ये एक्सटी४ला एक नवी सोय मिळाली. इंग्रजीचे मोठे अक्षर आणि छोटे अक्षर सारखेच मानायचे, म्हणजे 'ए' मोठा लिहिला काय नि छोटा काय, फाइल तीच. विंडोजसाठी लिहिलेले खेळ आणि अँड्रॉइड यांची ती गरज होती. ही सोय सगळीकडे आपोआप लागू होत नाही, ज्या फोल्डरला ती लावली तिथेच चालते. पण अलीकडच्या अँड्रॉइड फोनांच्या अंतर्गत साठवणुकीत तीच वापरली जाते. म्हणजे आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांच्या खिशात ती आहे.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही. मग आपला काय संबंध? संबंध असा, की मोठे-छोटे एक करताना हा कोड नावातल्या 'दुर्लक्ष करण्याजोग्या' खुणाही गाळतो, आणि आपली ती न दिसणारी जोडखूण नेमकी त्या यादीत बसते. ती गळाली की 'दर्‍या' आणि 'दर्या' एक होतात. सह्याद्रीच्या खिंडी आणि समुद्र एकच! 'आचार्‍यास' आणि 'आचार्यास' हे आपले शाळेतले उदाहरण घ्या, म्हणजे स्वयंपाक्याला आणि गुरुवर्याला. कर्नलने जोडखुणेसकट दोघांतला फरक पुसून टाकला. कुणी म्हणेल, आंबेडकरवाद्याने यावर टाळ्या वाजवायला हव्यात! पण स्वयंपाक्याची नोंद आचार्यांच्या नावावर चढली तर त्याला समता म्हणत नाहीत. ते तर आपण हजार वर्षे पाहत आलो.

आणि उलटा न्याय बघा. 'ऱ' स्वतंत्र अक्षराने लिहिलेले 'दऱ्या' आणि जोडखुणेने लिहिलेले 'दर्‍या', जे वाचणाऱ्याला एकच आहेत, ते इथेही वेगळेच राहतात. सारखे ते वेगळे आणि वेगळे ते सारखे.

ही चूक कुणाच्या लक्षात आली नाही असे नाही. २०२४च्या शरदात कर्नलमध्ये बदल झाला, या खुणा गाळू नका, जशा आहेत तशा ठेवा. तो ६.१२ आवृत्तीत गेला. डिसेंबरात लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः तो मागे घेतला. जुनी वागणूक चुकीचीच होती, हे त्यांनी मागे घेताना मान्य केले. पण त्या चुकीच्या नियमाने काढलेले हॅश, म्हणजे फाइल झटकन सापडावी म्हणून नावावरून काढलेले आकडे, लोकांच्या डिस्कवर आधीच लिहून झाले होते. नियम बदलला की आकडा बदलतो, आणि डिस्कवर असलेली फाइल सापडेनाशी होते. एप्रिल २०२५ मध्ये दुसऱ्या एका फाइल सिस्टीमच्या निमित्ताने त्यांनी या सगळ्या प्रकारावर आगपाखड केली. दुर्लक्षित खुणेमुळे दोन वेगळी नावे एक कशी होतात, हे सांगायला त्यांनी उदाहरण घेतले हृदयाच्या इमोजीचे.

इमोजीचे! माझा राग त्यांच्यावर नाही. माणसाला जे समोर दिसते त्याचेच उदाहरण तो देतो. आठ-नऊ कोटी लोकांच्या भाषेतला रोजचा 'दुसऱ्या', 'शेतकऱ्या', 'अधिकाऱ्या' त्या टेबलावर कधी पोचला नाही, कारण तो घेऊन जाणारे कुणी तिथे नव्हते.

इथे आमचे नागपुरातले, मिहानमध्ये नोकरीला असलेले मित्र लगेच म्हणतात, कोड जात बघत नाही, भाषाही बघत नाही. चांगला पॅच पाठवा, घेतला जाईल. अर्धे बरोबर आहे. कर्नलची तपासणी मला खरेच आवडते. पॅच मेलने सगळ्यांसमोर जातो. ओळीओळीवर हरकती येतात, दुसरा मसुदा, तिसरा मसुदा, कधी दहावा. हरकत घेणाऱ्याचे नाव नोंदले जाते, तपासणाऱ्याचे नाव नोंदले जाते, २००४ पासून पाठवणाऱ्याला आपली सही पॅचखाली करावी लागते. संविधान सभेत मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. कामाची जात तीच आहे. पण त्या सभेत बाबासाहेब आत बसलेले होते म्हणून आपल्याला काय मिळाले, तेही आपल्याला ठाऊक आहे.

१९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा लावून धरला होता. मतांचे प्रतिनिधित्व पुरत नाही, माणसांचे हवे. दुसरा कितीही सज्जन असला तरी तुमच्या अनुभवातून येणारा प्रश्न त्याला सुचत नाही. २०१९च्या त्या पॅचवर मराठीविरुद्ध कुणी कट केला असे मी म्हणत नाही. प्रत्येक गोष्टीत कट शोधायची आपल्यातल्या काहींची सवय मला पटतही नाही. कटाची गरजच नसते, गैरहजेरी पुरते.

आणि भारतीय तिथे गैरहजर आहेत असेही नाही. २००७ मध्ये फाइलसाठी आधीच जागा राखून ठेवण्याची सोय कर्नलमध्ये आली, ते काम आयबीएमच्या भारतीय अभियंत्यांचे. २०२३ मध्ये एक्सएफएस या मोठ्या फाइल सिस्टीमच्या देखभालीची जबाबदारी चंदन बाबू यांनी घेतली. कर्तबगार माणसे आहेत. पण ती कंपनीच्या कामासाठी तिथे आहेत आणि कंपनीला सर्व्हर हवा असतो, 'ऱ' नको असतो. देशी माणूस खुर्चीत बसला की तुमचा प्रश्न सुटला, हा युक्तिवाद आपण राजकारणात कधी मान्य केला नाही. मग संगणकात का करावा?

आता आपल्या घरातली हरकत. वस्तीत प्यायला पाणी नाही, शिष्यवृत्तीचे पैसे अडकलेत, अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षे चाललेत, आणि हा माणूस अर्ध्या 'र'वर लेख लिहितो. हे मला तोंडावर ऐकवले गेले आहे. मी उलट विचारतो, रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये प्रबंध छापणाऱ्या माणसाला महाडच्या तळ्याचा विसर पडला होता का? मजूरमंत्री असताना धरणांच्या आणि विजेच्या धोरणात त्यांनी लक्ष घातले ते फावला वेळ होता म्हणून? जे तांत्रिक म्हणून आपल्यापासून दूर ठेवले जाते, तिथे ते आधी गेले.

शिवाय हा नोंदींचा प्रश्न आहे. नागपूरचे वसंत मून यांनी बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडाखंडाने संपादित केली, पहिला खंड १९७९ मध्ये निघाला. त्या पिढीने वाळवी आणि रद्दीवाला यांच्या तोंडातून कागद ओढून काढले. आपण तेच कागद फोनमध्ये भरतोय आणि सुरक्षित झाले असे समजतोय. उद्या कुणा पोरीने शोध घेतला आणि फाइल समोर असून सापडली नाही, तर ती म्हणेल असे काही झालेच नव्हते. आम्ही महिनाभर तेच म्हणत होतो.

मागे घेतलेला बदल आज पुन्हा रेटा, असे मी म्हणणार नाही. ज्याची फाइल रातोरात गायब होते त्याच्यासाठी टोरवाल्ड्स बरोबर आहेत. डिस्कवर एकदा लिहिलेली चूक रूढीसारखी असते, ती चूक आहे हे कळूनही उपटता येत नाही. म्हणून बोलायची वेळ २०१९ मध्ये होती, पॅच आत जाण्याआधी. पुढच्या वेळी आधी पोचायचे असेल तर एक सोपा रस्ता आहे. फाइल सिस्टीमच्या बदलांना एका सार्वजनिक चाचणीसंचातून जावे लागते. त्यात हेच मोठे-छोटे अक्षर तपासणारी एक चाचणी आहे आणि तिच्यात फ्रेंच, अरबी, जपानी नावे आहेत. तिथे आपल्या 'ऱ'च्या चार ओळी हव्यात. त्याला मोठी पदवी लागत नाही. साधे शेल स्क्रिप्ट आहे, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमते. इंग्रजी लागते, पण चार वाक्यांचे.

आमच्या त्या पोराने ते लिहून ठेवले आहे. दोन आठवडे पाठवत नव्हता. शेवटी कळले की अडचण कोडची नव्हती. खाली सही करताना नाव कसे लिहायचे, हा प्रश्न होता. २०२३ पर्यंत कर्नलच्या नियमात खरे नावच हवे, टोपणनाव चालणार नाही, असे लिहिलेले होते. आता ओळख पटणारे नाव पुरते, निनावी तेवढे नको. तर आडनाव गाळावे का, असे तो विचारत होता. कारण वाचणाऱ्यांत भारतीयही असतात, आणि कॉलेजात आडनाव कळल्यावर गुण सांगताना लोकांचा सूर कसा बदलतो ते त्याने पाहिले आहे. हा प्रश्न जर्मनीतल्या किंवा ब्राझीलमधल्या विद्यार्थ्याला पडत नाही. कोड जात बघत नाही म्हणणाऱ्या मित्रांनी यावर जरा विचार करावा.

मी त्याला आडनाव लिही म्हणालो नाही, गाळ असेही म्हणालो नाही. सही त्याची आहे. रविवारी पुन्हा बसणार आहोत, वाचनालयातल्या उरलेल्या तीन पेट्या बाकी आहेत. येणाऱ्यांनी लॅपटॉप आणताना आपला कीबोर्ड कोणता 'ऱ' लिहितो ते आधी तपासून यावे.