तवा धुवा, पण स्पिरिटने नको

गेल्या महिन्यात घोडपदेवच्या एका ताई आमच्याकडे आल्या. त्यांची चाळ पुनर्बांधणीला जायची आहे, संक्रमण शिबिरात एकच खोली मिळणार, म्हणून पोटमाळ्यावरचे सामान खाली काढणे चालू आहे. त्यात वडिलांची फिएस्टा पेटी आणि अकरा तवे निघाले. मुलगा म्हणतो, भंगारात घाला, सगळी गाणी मोबाईलवर मिळतात. ताईंचे म्हणणे वेगळे. "आबांनी गोदीत दुहेरी पाळ्या करून घेतलेत हे. वाजतात का तेवढं बघा, मग काय ते ठरवू."

सगळी गाणी मोबाईलवर मिळतात हे खरे नाही, वाचकहो. प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांच्यासारख्यांचे पुष्कळ मिळेल, पण भीमगीते, कव्वाल्या, लोकगीते गाणाऱ्या किती पार्ट्या होत्या! कुणाची एखादीच ईपी निघाली, ती पुन्हा कॅसेटवरही आली नाही. अशा गाण्याचा तवा भंगारात गेला की त्या माणसाचा आवाजच गेला. म्हणून आज तवा कसा धुवायचा ते लिहितो. आधी आमची चूक सांगतो, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही.

आमच्या घरी वडिलांनी आणलेला पोवाड्याचा एक जुना तवा होता, जड, काळा, ७८ फेऱ्यांचा. लेबल पुसट झाले होते, शाहिराचे नावही वाचता येत नव्हते. त्यावर पावसाळ्यातली पांढरी बुरशी चढलेली. आम्ही शहाणपणा केला, औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणले आणि कापसाने खसाखसा पुसला. कापूस काळा झाला, तसे वाटले मळ निघतोय. मळ कसला, तवाच निघत होता! पेटीवर लावला तर नुसती खरखर. तो शाहीर कोण होता हे आम्हाला आजही सांगता येत नाही.

असे का झाले हे कुठल्याही सुताराने सांगितले असते. ७८ फेऱ्यांचे तवे लाखेचे. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचे किडे जी लाख करतात तीच, दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून दाबलेली. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, तेच आम्ही तव्याचे केले. आपल्याकडे १९७० च्या सुमारास लाखेचे तवे निघणे बंद झाले. नंतरचे ३३ आणि ४५ फेऱ्यांचे तवे प्लॅस्टिकच्या जातीचे, विनाइलचे. ओळखायचे कसे? लाखेचा तवा जड असतो, वाकत नाही, पडला की बशीसारखा फुटतो. विनाइल हलके आणि किंचित लवचिक. लेबलावर ७८ असेल तर स्पिरिटची बाटली त्या खोलीतही नको.

आता धूळ. घोडपदेवची धूळ साधी नव्हे. पलीकडे दारूखान्याचे लोखंडी भंगार, ट्रकांची वर्दळ, आणि गिरण्या चालू होत्या तेव्हा कापसाची पिंजही. ताईंच्या तव्यांवर बोट फिरवले तर तांबूस भुकटी हाताला लागली. बारा इंची तव्याच्या एका बाजूची खाच सरळ केली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. पिनेचे टोक केसाहूनही बारीक, त्यामुळे वजन दोन-चार ग्रॅमच असले तरी त्या टोकाखालचा दाब जबर असतो. त्या दाबाखाली गंजाचा कण सापडला की तो खाचेच्या भिंतीत कायमचा रुततो. म्हणून माळ्यावरून काढलेला तवा धुतल्याशिवाय लावायचाच नाही. "एकदा वाजवून बघू" म्हणतात, तिथेच नासाडी होते.

धुवायला बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणावे, गॅरेजमध्ये मिळते. अर्ध्या लिटरला भांड्याच्या पातळ साबणाचा एकच थेंब. लेबल कागदाचे असते, त्यावर डब्याचे झाकण दाबून धरावे. जुन्या मलमलीचा धुवट तुकडा ओला करून खाचेच्या दिशेने गोल फिरवावा, आडवा कधीच नाही. मग बिनसाबणाच्या पाण्याने दुसऱ्या फडक्याने पुन्हा पुसावे. साबण राहिला तर तोच पुढे पिनेला चिकटतो. वाळवायला ताटाळ्यासारखी सोय नाही. फडके घालून तवे उभे लावा, सावलीत, पंख्याखाली नको, कारण पंखा पुन्हा धूळ बसवतो. लाखेचा तवा मात्र पाण्यात भिजवू नये. ओलसर फडक्याने झटपट पुसून लगेच कोरडा करावा.

पिनेला बोट लावू नये, तोंडाने फुंकरही नको, थुंकी उडते. मुलांच्या रंगपेटीतला मऊ ब्रश घ्यावा, कोरडा, आणि मागून पुढे एकाच दिशेने हलकेच फिरवावा. उलटा फिरवला तर पिनेची बारीक दांडी वाकते. घड्याळजीकडचे भिंग मिळाले तर टोक पाहावे, चपटे दिसले तर पिन बदलावी. नीलमाची पिन पन्नास-शंभर तास टिकते, हिऱ्याची पाचशे ते हजार. पुष्कळशा जुन्या पेट्यांच्या हेडला एक छोटी कळ असते, ती फिरवली की ७८ ची जाड पिन खाली येते. बारीक पिन ७८ च्या रुंद खाचेत तळाला घासते आणि जाड पिन एलपी कुरतडते, तेव्हा कळ बघून मगच तवा लावा.

ताईंच्या पेटीच्या हातावर चार आण्यांचे नाणे चिकटवलेले होते! आपल्याकडे घरोघरी ही युक्ती. पिन उड्या मारते म्हणून वर नाणे. त्या नाण्याचे वजन अडीच ग्रॅम. ज्या पेटीची पिन पाच ग्रॅमवर चालते तिच्यावर हा दीडपट भार झाला. पिन उडते ती बहुधा धुळीने किंवा झिजल्याने. नाणे आम्ही काढले, पिन चोरबाजारातून नवी आणली, ढिला पडलेला रबरी पट्टा बदलला.

अकरापैकी एक तवा माळ्याच्या पत्र्याच्या उन्हाने वाकला होता, एक तडकलेला. नऊ वाजले. रविवारी ताई मुलाला घेऊन आल्या. एका ईपीवर मध्येच खरखर आली, तसा मुलगा म्हणाला, "हे तर आजोबांच्या जयंतीच्या व्हिडिओत मागे वाजतंय." पुढचा तवा त्यानेच लावला, कडेला धरून.

तवे आता खोक्यात उभे ठेवले आहेत, आडवे रचले की खालचे दबतात. खोक्यावर मुलाने मोठ्या अक्षरात लिहिले आहे: "उन्हात ठेवू नये. वर काही ठेवू नये."