आपल्या चित्राची मोजपट्टी कोणाच्या हातात?

एप्रिल जवळ आला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या बौद्धवाड्यांत रंगांचे डबे उघडतात. विहाराच्या भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, रमाई उभे राहतात. फ्लेक्सच्या जमान्यातही हाताने चित्र काढणारी पोरं आपल्याकडे आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. पण चित्र चांगलं झालं की नाही, हे ठरवतो कोण? मुंबईहून आलेले चाकरमानी 'एक नंबर' म्हणतात, हार पडतो, मोबाइलवर फोटो फिरतो, विषय संपतो. दुसरीकडे सावर्ड्याला किंवा देवरुखला कलेचं शिक्षण घेतलेला आपला मुलगा, मुंबईच्या गॅलरीने भिंत दिली का, यावर स्वतःला मोजतो. एकाची मोजपट्टी वाहवा, दुसऱ्याची बाजार. दोन्ही परक्याच्या हातातल्या.

आमचं म्हणणं असं, की चित्रकाराने आपलं चित्र आधी स्वतः तपासावं. परंपरेने आलं, ग्रंथात आहे, गुरूने सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असं बुद्धांनी कालामांना सांगितलं. हा नियम कुंचल्यालाही लागू आहे.

पहिली तपासणी हाताची. चित्र पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा, मग पाहा. आरशात पाहा, उलटं धरून पाहा. भिंतीवरचं असेल तर फोटो काढून उलटा करा. एक डोळा वर गेलाय, खांदा पडलाय, हे लगेच दिसतं. विषय बाबासाहेबांचा आहे म्हणून कच्चं रेखाटन माफ होत नाही.

दुसरी तपासणी सत्याची. चवदार तळ्याचं चित्र घ्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब ३५ वर्षांचे होते. आपल्या चित्रांत मात्र अनेकदा उतारवयातले बाबासाहेब ओंजळीने पाणी पिताना दिसतात, तेही एकटेच. त्यांच्यामागून तळ्यात उतरलेली माणसं कुठे गेली? ती पुसली की सत्याग्रहाचा चमत्कार होतो, आणि चमत्कार तर बाबासाहेबांनी कधीच मानला नाही.

तिसरी तपासणी रंगाची. रमाई दापोली तालुक्यातल्या वणंदची. वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. कष्टात झिजून १९३५ साली, ३७व्या वर्षी ती गेली. मग भिंतीवरची रमाई कॅलेंडरातल्या देवीसारखी गोरी-गुलाबी का? पांढऱ्या रंगाकडे हात कोणत्या क्षणी गेला, हे चित्रकाराने स्वतःला विचारावं. सुंदर म्हणजे गोरं, हे आपल्याला कोणी शिकवलं?

कोणी म्हणेल, भावना महत्त्वाची, एवढी चिरफाड कशाला? भावनेला आमचा विरोध नाही. पण बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात चित्रकलेचे धडे घेतले, आणि त्यांना हवा होता तो उघड्या डोळ्यांनी जगाकडे पाहणारा बुद्ध. मिटल्या डोळ्यांची रूढ प्रतिमा त्यांनी श्रद्धेपोटी तशीच उचलली नाही. श्रद्धा त्यांच्याइतकी कोणाची होती?

शेवटची तपासणी माणसांची. वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला चित्रासमोर आणा. 'आवडलं का?' विचारू नका, ती तुमचं मन मोडणार नाही. 'काय दिसतंय?' एवढंच विचारा आणि गप्प राहा. तिला राबणारी बाई दिसली तर रमाई उतरली. 'कुठली देवी गो ही?' म्हणाली, तर रंग पुन्हा कालवा.

यंदा जयंतीला हार घालण्याआधी प्रत्येक चित्रकाराने वहीत तारीख टाकून आपल्या चित्रातले तीन दोष लिहावेत. पुढच्या एप्रिलला तेच पान उघडून भिंतीसमोर उभं राहावं.

जयभीम!