हदीस पुढे करून विकली जाणारी बाटली

आपल्या अमरावती-अकोल्याकडे घरात कुणाला कॅन्सर निघाला की भेटायला येणारे सल्ले घेऊनच येतात. गुळवेलीचा काढा, लक्ष्मणफळाच्या पानांची पूड, हळद-कडुलिंब. मोहल्ल्यात त्यात कलौंजीच्या तेलाची भर पडते. वर एक वाक्य ठरलेलं: "जडीबुटीच आहे, घ्यायला काय जातं?"

वेळ जातो. छातीतली लहानशी गाठ वेळीच कापली तर बाई वाचते, पण महिनोन्‌महिने काढ्यावर काढले की ती काखेपर्यंत पोहोचलेली असते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांचा 2018 चा अभ्यास सांगतो की बरा होण्याजोगा कॅन्सर असताना फक्त पर्यायी उपचारांवर राहिलेल्यांत मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त!

नोव्हेंबर 2024 मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या बरं होण्याचं श्रेय हळद, कडुलिंब आणि आहाराला दिलं. तो व्हिडिओ घराघरांत फिरला. पण त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन झालं होतं, केमोथेरपीही झाली होती. टाटा मेमोरियलच्या 262 आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी, या गोष्टींनी कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही, असं पत्रक काढलं. ते कुणी फॉरवर्ड केलं?

वनस्पतींशी माझं भांडण नाही. अंगणातल्या सदाफुलीपासूनच व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध निघालं. पण ते शेकडो किलो पानांतून चिमूटभर वेगळं काढतात आणि मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. पानं उकळून प्यायल्याने ते काम होत नाही, उलट विषबाधा व्हायची.

आता दीनचं. कलौंजीची हदीस सगळ्यांना पाठ आहे. मात्र तिब न शिकता इलाज करील, तो नुकसानीला जबाबदार, ही सुनन अबू दाऊदमधली हदीस बाटलीच्या लेबलवर कधी दिसत नाही. 1954 चा कायदाही कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातीला मनाई करतो. तरी 'शर्तिया इलाज' बिनदिक्कत विकला जातोच.

विकला जातो, कारण घेणाऱ्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. पुडीवाला बाईला कपडे काढायला सांगत नाही. पुरुष डॉक्टरला छाती दाखवायची लाज, पोरीच्या लग्नात बोभाटा नको, खर्चाची धास्ती. विक्रेत्याला हे सगळं नेमकं ठाऊक असतं, म्हणून त्याचा मला जास्त संताप येतो.

तपासायला लेडी डॉक्टर मागा, त्यात संकोच कसला? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन विचारा. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे. आणि घरात काढा सुरूच असेल तर त्याचं नाव डॉक्टरांना सांगा, काही वनस्पती केमोच्या औषधाचा असर बिघडवतात.