पाणी द्या, आणि रस्ताही परत द्या!



पांढुर्णा आणि सौंसरच्या जुन्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांना पाइपलाइनची खोदाई नवी नाही. नवा आहे तो तिचा वेग. २०१९ मध्ये खेड्यांसाठी जल जीवन मिशन आले, २०२१ मध्ये शहरांसाठी अमृत २.० आले, आणि जिकडे पाहावे तिकडे चर दिसू लागले. घरोघरी नळाने पाणी देण्याला आमचा विरोध नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. कारण रस्त्याबद्दल तोंड उघडले रे उघडले की कोणीतरी लगेच विचारतो, "का हो, तुम्हाला पाणी नको का?" पाणी हवे. आमच्या आजी-पणजींनी विहिरीवरून डोक्यावर हंडे वाहिले आहेत. नळाची किंमत आम्हाला कोणी शिकवू नये. पण पाणीही हवे आणि रस्ताही हवा. दोन्हीचे पैसे जनतेच्याच खिशातून जातात.

प्रत्यक्षात काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. एके दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी जेसीबी उभा राहतो. ना फलक, ना मुनादी, ना किती दिवस रस्ता बंद राहील याचा पत्ता. दुपारपर्यंत गल्लीच्या मधोमध चर. संध्याकाळी पाइप टाकून तीच माती, तेच फुटलेल्या सिमेंटचे तुकडे वरून ढकलले जातात आणि ठेकेदाराची माणसे पुढच्या गल्लीत जातात. पहिला पाऊस पडतो, माती बसते, चराची नाली होते. ऑटोवाला आत यायला तयार नाही, सिलिंडरवाला चौकातूनच हाक मारतो, शाळेची पोरे चिखलातून उड्या मारतात. आणि एखाद्याला रात्री छातीत दुखू लागले, नागपूरला न्यायची वेळ आली, तर गाडी चौकात आणि म्हातारा खाटेवर. हा अनुभव कोणत्या एका वॉर्डाचा नाही. वाचणाऱ्याने आपापल्या गल्लीचे नाव इथे घालून पाहावे.

काही महिन्यांनी, नशीब असेल तर, चरावर गिट्टी-डांबराचा एक ठिगळ बसतो. त्याचेही उपकार मानायचे! आमचे भांडण नेमके इथे आहे. रस्ता पूर्ववत करणे हे पाइपलाइन झाल्यानंतरचे वेगळे, सवडीने करायचे, मेहरबानीचे काम आहे असे सगळे धरून चालतात. ते तसे नाही. चर नीट भरणे हा पाइपलाइनच्याच कामाचा भाग आहे. जिथे चर नीट भरला नाही तिथे पाइपलाइनच पुरी झालेली नाही, मग नळाला पाणी येत असले तरी.

हे आम्ही रागाच्या भरात म्हणत नाही. आपण शेतकरी माणसे आहोत, काळी माती काय चीज आहे ते संत्र्याची बाग लावणाऱ्याला सांगावे लागत नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. अशा मातीत पाइप टाकायचा तर आधी चराचा तळ सपाट करून वाळू किंवा बारीक मुरूम अंथरावा लागतो. जोड बसवल्यावर दाबाखाली पाणी सोडून गळती तपासावी लागते. मग पाइपच्या भोवती दगड नसलेली माती, आणि वर मुरूम थराथराने, प्रत्येक थर वीतभर, त्यावर पाणी मारून धुमस. इतके झाल्यावर गिट्टी, आणि शेवटी सिमेंट किंवा डांबर. यातले मधले सगळे गाळून एकदम वरचा ठिगळ मारला की रस्ता खचतो. आणि रस्ता खचतो तेव्हा खाली पाइपही खचत असतो. रस्त्याचे डोळ्यांना दिसते, पाइपचे दिसत नाही, एवढाच फरक. पाइपखालचा आधार गेला की तो दोन टोकांवर लोंबकळतो, जोडात फट पडते, आणि शेजारीच आपली नाली वाहत असते.

आपल्या गावांत नळ काही चोवीस तास चालत नाही. पाणी येऊन गेले की लाइन रिकामी होते आणि रिकामी लाइन फटीतून बाहेरचे पाणी आत ओढते. दुसऱ्या दिवशी नळाला पहिल्यांदा गढूळ पाणी का येते, याचे उत्तर पुष्कळदा त्या फटीत असते. गावात कावीळ आणि जुलाब सुरू होतात तेव्हा आपण हवापालटाला दोष देतो. २०२५ च्या डिसेंबरात इंदूरच्या भागीरथपुऱ्यात पिण्याच्या लाइनमध्ये घाण पाणी मिसळले, शेकडो लोक आजारी पडले आणि माणसे प्राणाला मुकली. ते इंदूर, स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षे पहिले येणारे! तिथे असे होऊ शकते, तर आमच्या उघड्या नालीशेजारच्या, खचलेल्या चरातल्या लाइनची हमी कोण देणार?

आता भूकंपाविषयी. हा शब्द काढला की लोक हसतात. "भूकंप आणि पांढुर्ण्यात?" हसणाऱ्यांनी आठवावे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे ४० माणसे गेली, आणि ज्या जिल्ह्यांत नुकसान झाले त्यांत छिंदवाडाही होता, ज्या जिल्ह्यात तेव्हा आपण होतो. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला आणि हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. दख्खनच्या कातळावर भूकंप होत नाही, असे त्या दिवसापर्यंत तिथलेही लोक मानत होते.

भूकंपात पाइप तुटतात ते मुख्यतः जोडाशी. १७ जानेवारी १९९५ ला जपानमध्ये कोबेला भूकंप झाला, १२ लाखांहून अधिक घरांचे पाणी तुटले, आणि शहरात आगी पेटलेल्या असताना बंबांना पाणी मिळेना. पाणी पूर्ववत व्हायला काही भागांत दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. म्हणूनच जपानने सरकणारे पण न निसटणारे जोड वापरण्यावर भर दिला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसराने ४८० कोटी डॉलर खर्चून आपल्या जलवाहिन्या, बोगदे आणि धरणे भूकंपासाठी मजबूत केली. मोठा धक्का बसला तरी २४ तासांच्या आत निदान गरजेपुरते पाणी पोचले पाहिजे, हे उद्दिष्ट त्यांनी आधी लिहून ठेवले. त्यातल्या काही वाहिन्या फ्रीमाँट शहरात हेवर्ड भ्रंश ओलांडतात, आणि त्या भागात आपल्यापैकी काहींची मुले-सुना राहतात. त्यांना विचारून पाहा, तिकडे खोदाई कशी होते. रस्ता कधीपासून कधीपर्यंत बंद, वळण कुठून, तक्रार कोणाकडे, हे सारे आधी कळवले जाते. खुद्द सॅन फ्रान्सिस्को शहरात तर नवा केलेला रस्ता सहसा पाच वर्षे खोदू देत नाहीत. आमच्याकडे मार्चमध्ये सीसी रोडचे भूमिपूजन आणि मे महिन्यात त्याच रोडवर जेसीबी!

आम्ही अमेरिकेचे वैभव मागत नाही. आमच्या गल्लीत जपानी जोड बसवा असेही म्हणत नाही. पण फलक लावायला, तारीख लिहायला आणि मातीवर धुमस मारायला परदेशी कर्ज लागत नाही. जो चर नीट भरला, तोच पावसात टिकतो, जड ट्रकखाली टिकतो, आणि उद्या जमीन हलली तर निदान निम्मे संकट टळते.

काही पार्षद आणि अधिकारी म्हणतील, गल्ल्या अरुंद आहेत, काम करायला जागाच नाही. खरे आहे. जुन्या वस्तीच्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत. पण म्हणूनच तिथे चर थोडा थोडा खोदून, आधीचा तुकडा भरल्याशिवाय पुढचा न उघडता काम केले पाहिजे. जिथे दुसरी वाटच नाही तिथे सबंध गल्ली एकदम उकरून ठेवणे म्हणजे लोकांना घरात कोंडणे आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे करू नका.

कामाच्या वेळेचेही तेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार भरते, पांढुर्णा आणि सावरगाव दोन्हीकडचे रस्ते माणसांनी भरून वाहतात, जखमींना नेणाऱ्या गाड्यांची धावपळ असते. त्या दिवसांत एकही उघडा चर आणि एकही दगडांचा ढीग रस्त्यावर असता कामा नये. गोटमारीला दगड पुरवायचे काम तरी ठेकेदाराने करू नये! दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराचे, पुढे मृग बहाराचे संत्र्याचे ट्रक निघतात. जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला मंगळवार-शनिवारी सौंसरकडून गर्दी वाहते. हे सगळे कॅलेंडरवर आहे. ज्यांना ते माहीत नाही त्यांनी गावातल्या कोणाही माणसाला विचारावे.

विचारतो कोण, हाच तर प्रश्न. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे, पण तिच्यात वॉर्ड समितीची सक्ती आहे ती ३ लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत पांढुर्ण्याची लोकसंख्या ५० हजारांच्या आत होती, सौंसर त्याहून लहान. म्हणजे ती सक्ती आम्हाला लागू नाही. मग आम्हालाच उठून विचारावे लागेल.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या मराठी माणसांनी मनावर घ्यायला हवी. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. त्याच वर्षी केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे निवेदन काढले, त्यात जिल्हा, तहसील किंवा नगरपालिकेत १५ ते २० टक्के लोक अल्पसंख्य भाषेचे असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही काढाव्यात, असे म्हटले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा. छिंदवाड्याच्या मोठ्या जिल्ह्यात आपला आवाज विरून जात असे; आता ती सबब राहिली नाही. हिंदी आम्हाला येते, हिंदीशी भांडण नाही. पण रस्ता बंद असल्याचा फलक हिंदीबरोबर मराठीतही लावायला काय हरकत आहे? अर्थात, आधी फलक तर लागू द्या!

आता दोन शब्द आपल्याच घरच्यांना. लाइनवर थेट टुल्लू पंप लावून शेजाऱ्याचे पाणी ओढणारे आपणच आहोत. परवानगी न काढता रात्री रस्ता फोडून कनेक्शन घेणारे आपणच आहोत. ओटा पुढे सरकवून नालीवर स्लॅब टाकणारेही आपणच. नवा रस्ता फोडणाऱ्या ठेकेदाराला जाब विचारायचा तर आपले हात स्वच्छ हवेत. आणि निवडणुकीच्या वेळी "भाऊ आपलाच आहे" म्हणून जे विचारत नाही, ते नंतर पाच वर्षे चिखल तुडवतात.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत:

१. खोदाईच्या किमान सात दिवस आधी गल्लीच्या दोन्ही तोंडांशी हिंदी व मराठीत फलक लागावा. काम कोणाचे, किती लांबीचे, केव्हा सुरू, केव्हा संपणार, तक्रार कोणाकडे, हे त्यावर असावे.

२. पाइपची दाब-तपासणी आणि चराचा भराव वॉर्डातल्या दोन नागरिकांसमोर व्हावा.

३. मागचा तुकडा भरून रस्ता वाहतुकीला खुला झाल्याशिवाय पुढचा खोदू नये. आजारी माणसाला नेण्याची वाट कायम मोकळी असावी.

४. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर उघडा चर राहू नये. पोळा-गोटमारीच्या काळात खोदाई पूर्ण बंद असावी.

५. एक पावसाळा रस्ता टिकल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल निघू नये.

६. पाणी, नाली, केबल यांची कामे आधी, नवा रस्ता शेवटी. आणि त्यानंतर काही वर्षे त्याला कोणी हात लावू नये.

यासाठी मोर्चे काढायची गरज पडू नये. पहिले हत्यार कागद आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात नुसती कागदांची नक्कल नाही, तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. दहा रुपयांचा अर्ज आणि ३० दिवसांची मुदत. एस्टिमेटमध्ये भराव आणि रस्ता पूर्ववत करण्यासाठी किती रक्कम धरली आहे ते मागवा. जर ती धरली असेल तर काम झाले नाही कसे? आणि धरली नसेल तर योजना मंजूर झाली कशी? दोन्हीपैकी एका प्रश्नाचे उत्तर कोणाला तरी द्यावेच लागेल. तक्रारीसाठी १८१ आहे, मंगळवारची जनसुनवाई आहे. चराचा फोटो काढा, तारीख घाला, शेजारच्या दहा घरांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत मंडळाकडे द्या.

आपल्या पूर्वजांनी ही गावे वसवली तेव्हा विहीर आधी खणली आणि तिच्याकडे जाणारी वाटही जपली. आपल्याला तेवढे तरी जमलेच पाहिजे. येत्या पावसाळ्याच्या आत प्रत्येक गल्लीचा एक अर्ज मंडळाकडे आला पाहिजे.