विश्लेषण : रस्त्यावर टिपलेला चेहरा नेमका कोणाचा?

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी अकोल्यात येतात. राजराजेश्वर मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या दिवशी पाऊल ठेवायला जागा नसते आणि जिकडे पाहावे तिकडे मोबाइल उंचावलेले दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच रस्ता झाडणाऱ्या माणसांचा फोटो मात्र क्वचितच कोणी काढतो.

याच अकोल्यात १९६६ मध्ये जन्मलेल्या एका छायाचित्रकाराने आपली कारकीर्द अशाच माणसांसाठी वाहिली. त्यांचे नाव सुधारक ओलवे. हातात फोन घेऊन ‘स्ट्रीट फोटोग्राफी’ करू पाहणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या कामाकडे नीट पाहायला हवे.

कोण आहेत सुधारक ओलवे?

ओलवे १९८८ पासून मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करू लागले. बातमीचे फोटो हा रोजचा धंदा होता. त्याच्या जोडीने त्यांनी एक विषय वर्षानुवर्षे धरून ठेवला, तो म्हणजे मुंबई महापालिकेचे सफाई कामगार. कचऱ्याच्या ढिगात, गटारात उतरून काम करणारे हे कामगार बहुतांश दलित समाजातले. त्यांचे काम, त्यांची घरे आणि कुटुंबे ओलवे यांनी कृष्णधवल छायाचित्रांतून समोर आणली. २००५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ सन्मानासाठी निवडलेल्या चौघांत ते होते. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या कामात वेगळे काय?

रस्त्यावर फोटो काढणारे बहुतेकजण एकदा क्लिक करतात आणि पुढे जातात. ओलवे त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा गेले. पहिल्या दिवशी कॅमेरा पाहून माणूस अवघडतो किंवा तोंड फिरवतो. चौथ्या-पाचव्या भेटीत तो कॅमेरा विसरतो आणि घरी चहाला बोलावतो. कचऱ्यात उभा असलेला माणूस मग नुसता ‘कामगार’ उरत नाही. तो कोणाचा तरी बाप असतो, कोणाचा नवरा असतो. चांगले व्यक्तिचित्र बहुतेक वेळा महागड्या लेन्सपेक्षा या ओळखीतून तयार होते.

फोनमधल्या ‘पोर्ट्रेट मोड’चेही इथे भान ठेवावे. तो चेहरा उठावदार करतो आणि मागचे सगळे धूसर करून टाकतो. नातेवाइकाच्या वाढदिवसाला ते ठीक आहे. सफाई कामगाराच्या मागचे उघडे गटार धूसर केले, तर सांगायची गोष्टच पुसली जाते.

कायदा काय म्हणतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा हक्क सर्वसाधारणपणे ते काढणाऱ्याचा असतो. आपण पैसे देऊन स्टुडिओत फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला हक्क आपला. वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या फोटोंचे नियम आणखी वेगळे आहेत. पण रस्त्यावर कोणी अनोळखी माणसाने आपला चेहरा टिपला, तर तो फोटो टिपणाऱ्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ज्याचा चेहरा आहे, त्याला या कायद्यात वाटा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. माणूस सार्वजनिक ठिकाणी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, असेही स्पष्ट केले. तरी झाडूवाल्या बाईने आपल्या फोटोसाठी कोर्टाची पायरी चढावी, ही अपेक्षा धरणे फारच झाले. म्हणून इथे कायद्याच्या आधी छायाचित्रकाराची जबाबदारी सुरू होते.

नाव न विचारण्याची किंमत

स्टीव्ह मकरी यांनी १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत एका हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला. जून १९८५ मध्ये तो नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गाजला. त्या मुलीचे नाव मात्र जगाला २००२ मध्ये कळले, शरबत गुला. सतरा-अठरा वर्षे चेहरा प्रसिद्ध आणि माणूस बेनाव! आपण इन्स्टाग्रामवर अनोळखी म्हाताऱ्याचा सुरकुतलेला चेहरा टाकून खाली ‘जीवन’ असे लिहितो, तेव्हा लहान प्रमाणात हेच करत असतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. विचारत बसलो तर क्षण निसटतो, माणूस पोज देऊ लागतो. आक्षेप खरा आहे. पण फोटो काढल्यावर थांबून तो दाखवता येतो, नाव विचारता येते आणि ‘टाकू का?’ म्हणता येते. समोरच्याने नको म्हटले तर पुसून टाकायला दोन सेकंद लागतात.

फोटोंनी काही बदलते का?

इथे भाबडेपणा नको. हाताने मैला साफ करण्यावर १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली, २०१३ मध्ये अधिक कडक कायदा झाला. तरी गटारात गुदमरून मरणे थांबले नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख करावी लागली. छायाचित्राने गटार साफ होत नाही. मात्र ‘आम्हाला हे ठाऊकच नव्हते’ असे म्हणायची सोय ते काढून घेते. शासन आणि समाज दोघेही या सोयीवर बरीच वर्षे काढतात, म्हणून एवढेही काम मोलाचे आहे.

मग अकोल्यातल्या तरुणाने काय करावे?

पोटाचा प्रश्न आधी. जिल्ह्याच्या गावी कॅमेऱ्यावर जगायचे तर लग्नसराईच्या ऑर्डरी, अल्बम आणि पासपोर्ट फोटो यांना पर्याय नाही. त्यात कमीपणाही नाही. ओलवे यांनाही वृत्तपत्राच्या नोकरीचा आधार होता, आणि आज ते दार पूर्वीपेक्षा अरुंद झाले आहे. पण ऑर्डरी घेत असतानाच एक विषय आपला म्हणून धरता येतो. बाजार समितीतले हमाल असतील, कापूस वेचणाऱ्या बाया असतील, ४५ अंशांच्या उन्हात रस्त्यावर डांबर टाकणारे मजूर असतील. वर्षभर त्यांच्याकडेच जावे. प्रत्येकाचे नाव वहीत लिहावे आणि फोटोची एक प्रत छापून हातात द्यावी.

ती प्रत त्या घराच्या भिंतीवर लागली, की तो चेहरा काही प्रमाणात तरी त्याच्या मालकाकडे परत जातो. पुढच्या श्रावणात कावडींचे फोटो जरूर काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तासभर लवकर उठा आणि रस्ता झाडणाऱ्यांना आधी त्यांचे नाव विचारा.