पडदा अडकला आहे

नाटकाला जाणाऱ्या माणसाला तिसऱ्या घंटेचे महत्त्व सांगावे लागत नाही. पहिली घंटा झाली की बाहेर बटाटेवडा खाणारी मंडळी हात पुसू लागतात, दुसरीला खुर्च्यांचे क्रमांक शोधले जातात, आणि तिसरी झाली की दिवे मंदावून पडदा वर जातो. समजा, तिसरी घंटा झाली आणि पडदाच अडकला तर? नट जागेवर उभे आहेत, पेटीवाल्याने सूर धरला आहे, आणि प्रेक्षकाला दिसतो आहे तो नुसता मखमली काळोख! अशा वेळी ‘नाटक कंपनी बुडाली’ असे म्हणून कोणी घरी जात नाही. घरातल्या संगणकाचे मात्र असे झाले की चांगली शहाणीसुरती माणसे त्याला मृत ठरवून मोकळी होतात.

हा विषय मी मुद्दाम दिवाळीत काढते आहे. दिवाळीची साफसफाई ही जुन्या यंत्रांच्या जिवावर उठणारी असते. त्यातून १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुधारणा थांबल्या आणि अनेक घरांतले धडधाकट संगणक एका दिवसात ‘म्हातारे’ झाले. त्यांतले काही भंगारात गेले, तर काहींवर कोणा भाच्या-पुतण्याने लिनक्स बसवून दिली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने हौसेने सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. फक्त कधीमधी तिचा पडदा अडकतो.

तो का अडकतो, ते समजून घेणे मुळीच अवघड नाही. संगणक सुरू होतानाही तीन घंटा होतात. पहिली घंटा यंत्राच्या अंगभूत आज्ञावलीची; तिला जुन्या यंत्रात बायॉस आणि नव्यात यूईएफआय म्हणतात. दुसरी ‘ग्रब’ नावाच्या छोट्या कारभाऱ्याची. कोणती प्रणाली सुरू करायची, हे तो ठरवतो. तिसरी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची. पडदा या तिघांच्या हातांतून एकामागून एक जातो, आणि प्रत्येकाला एकच गोष्ट ठरवावी लागते: आडवे ठिपके किती, उभे किती, आणि सेकंदाला चित्र किती वेळा रंगवायचे. १९२० बाय १०८०, सेकंदाला ६० वेळा, हा आजचा सर्रास हिशेब. या हिशेबालाच ‘डिस्प्ले मोड’ म्हणतात.

आता हा हिशेब पडद्याला झेपेल की नाही, हे संगणकाला कळावे कसे? त्यासाठी प्रत्येक मॉनिटर आपली पत्रिका जवळ बाळगून असतो. तिचे नाव ईडीआयडी. मूळ पत्रिका अवघी १२८ बाइटांची, पण घराणे, जन्मसाल आणि कोणकोणते मोड झेपतील, ते सारे तिच्यात असते. तारेतून ती संगणकाकडे जाते आणि पत्रिका जुळली की चित्र उमटते. पण नव्या यंत्राला जुना मॉनिटर जोडताना मधे एखादा स्वस्तातला अडॅप्टर येतो आणि पुष्कळदा पत्रिकाच गिळून टाकतो. मध्यस्थाने पत्रिका हरवावी आणि लग्न मोडावे, तसे होते.

पत्रिका न पाहता मोड लादला तरी तेच. मग मॉनिटरवर ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी तरंगू लागते. ‘तुम्ही सांगता ते माझ्या आवाक्याबाहेरचे आहे’ असे तो बिचारा नम्रपणे सांगत असतो. ग्रबला योग्य मोड सापडला नाही, तर तो ‘नो सुटेबल व्हिडिओ मोड फाउंड’ असे कळवतो आणि पुढे ‘बूटिंग इन ब्लाइंड मोड’ असे जोडतो. म्हणजे ‘मला दिसत नाही, तरी मी चाललोच आहे!’ मराठीच्या वर्गात मी कितीतरी वर्षे विरोधाभास अलंकार शिकवते आहे. पण इतके चोख उदाहरण मला पाठ्यपुस्तकात मिळालेले नाही. ही पाटी बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. कर्नल आला की तो पडदा आपल्या हाती घेतो आणि गाडी रुळावर येते. पाटीचा त्रासच होत असेल, तर ग्रबला चित्रांचा नाद सोडून साध्या अक्षरांत बोलायला सांगावे. त्याच्या मांडणीच्या फाईलमध्ये ‘ग्रब टर्मिनल’ या नावापुढे ‘कन्सोल’ लिहिले की झाले.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून गेल्या वर्षीची एक हकिकत सांगते. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे झाली. त्यांच्या आईला जात्यावरच्या ओव्या येत. सांगलीकडच्या खेड्यातल्या, कुठेही न छापलेल्या. त्यांतल्या साडेतीनशे काकूंनी आठवून आठवून टंकून ठेवल्या होत्या. आई गेली, मावशी गेली. आता त्या ओव्या जगात दोनच ठिकाणी होत्या. एक काकूंची स्मरणशक्ती, आणि दुसरा तो संगणक. आणि पहिल्या ठिकाणी हल्ली पडझड सुरू झाली आहे, असे काकू स्वतःच हसत सांगत.

त्यांचा मॉनिटर जळाला. पुतण्याने माळ्यावरचा जुना चौकोनी मॉनिटर काढून जोडला आणि तो परगावी गेला. दुसऱ्या दिवशी सुरू करावे तर सगळा अंधार, आणि मधे ती तरंगती पाटी. दुरुस्तीवाल्याने पाहिले आणि सांगितले, “सिस्टिम गेली. सगळे पुसून नवीन टाकावे लागेल.”

काकू वर आल्या. “अगं, पुसायचे म्हणजे ओव्यापण जाणार का गं?”

मी म्हटले, “काकू, त्यांना उद्या यायला सांगा. आज मला बघू द्या.”

खाली जाऊन यंत्र सुरू केले. दिवा लुकलुकत होता, आणि थोड्या वेळाने प्रवेशाच्या वेळी वाजणारा सूर स्पष्ट ऐकू आला. म्हणजे नाटक चालू होते! पूर्वी कधीतरी मोठ्या मॉनिटरसाठी पुतण्याने १९२० बाय १०८० चा मोड सुरुवातीच्या आज्ञेतच पक्का लिहून ठेवला होता. जुना मॉनिटर १२८० बाय १०२४ चा. त्याला तो झेपावा कसा?

उपाय तुम्हालाही करता येईल, म्हणून क्रमाने सांगते. यंत्र सुरू होताना ग्रबची यादी समोर आणावी. जुन्या यंत्रांत त्यासाठी शिफ्टची कळ दाबून धरतात; नव्यांत एस्केपची कळ एकदा दाबतात. यादीतल्या पहिल्या नावावर असताना इंग्रजी ‘ई’ दाबावे. काही ओळी दिसतील. त्यांत ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधावी. तिच्यात ‘व्हिडिओ’ आणि बरोबरीच्या चिन्हापुढे मोडाचे आकडे असतील तर ते खोडावे, आणि ओळीच्या शेवटी, अर्थात रोमन अक्षरांत आणि मधे जागा न सोडता, ‘नोमोडसेट’ लिहावे. मग कंट्रोल आणि एक्स, किंवा एफ१०. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो. चुकले तर यंत्र पुन्हा सुरू केले की सगळे होते तसे. त्यामुळे भिण्याचे कारण नाही.

‘नोमोडसेट’ म्हणजे काय? मार्च २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून कर्नल स्वतःच पडद्याचा मोड ठरवू लागला. या शब्दाने आपण त्याला सांगतो, ‘बाबा रे, तू ठरवू नकोस, पहिल्या घंटेला जे होते त्यावरच भागव.’ चित्र बेताचे येते, हालचाल मंद होते, पण दिसते.

तसे ते दिसले. अक्षरे मोठी आणि बटबटीत होती. काकूंनी चष्मा पुसला, फाईल उघडली आणि पहिली ओवी मोठ्याने वाचली. दुरुस्ती तशीच राहू देऊन मी आधी साडेतीनशे ओव्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. मगच ग्रबच्या फाईलमधला तो लादलेला मोड कायमचा खोडला आणि ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा दिली. तिच्याशिवाय फाईलमधला बदल लागू होत नाही. यंत्र पुन्हा सुरू केले. आता मधे काही लादलेले नव्हते. जुन्या मॉनिटरने आपली पत्रिका दाखवली आणि चित्र नीट बसले. ‘नोमोडसेट’ची गरज उरली नाही. ते कायमचे ठेवायचेही नसते. कुबडी पाय बरा होईपर्यंतच.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला, तेव्हा काकूंनी त्याला चहा पाजला आणि झाले ते समजावून सांगितले. तो मुलगा लक्ष देऊन ऐकत होता, हे मला आवडले.

वाचकहो, यंदा माळा आवरताना एवढे करा. एखादे यंत्र अंधारले असेल, तर त्याचा दिवा पाहा, आवाज ऐका, दुसरा मॉनिटर जोडून पाहा. ‘पुसून टाकू’ हा उपाय शेवटचा. आणि त्याच्याही आधी आत काय आहे, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आपल्याला फालतू वाटणाऱ्या फाईलमध्ये कोणाची तरी आई असू शकते.

वर्गात शिकवताना मला हे अनेकदा जाणवते. मागच्या बाकावर एखादा चेहरा वर्षभर कोरा असतो आणि आपण मनात त्याची नोंद ‘शून्य’ अशी करून टाकतो. आपण बोलतो तो मोड त्याला झेपतो का, हे आपण कधी पाहिलेले नसते. दोन पायऱ्या खाली उतरून साध्या शब्दांत विचारले, तर तोही बोलू लागतो; आणि पुष्कळदा बरेच काही बोलतो.